थाळी वाजवली, बाळ वळलं. मग बोलत का नाही?

आजींनी पिशवीतून खरोखरच स्टीलचं ताट काढलं. सोबत पळीही आणली होती. "मॅडम, हिला ऐकू येतं. बघाच तुम्ही," म्हणत त्या नातीच्या पाठीमागे गेल्या आणि त्यांनी ताटावर पळी हाणली. सव्वादोन वर्षांची ती पोर हातातली गाडी टाकून गर्रकन वळली. आजींचा चेहरा उजळला. बाबा म्हणाले, "घरी पण असंच आहे. दार आपटलं, कुत्रं भुंकलं, सगळं कळतं तिला. फक्त बोलत नाही. माझी बहीणसुद्धा तीन वर्षांची झाल्यावर बोलायला लागली होती."

मी ताट बाजूला ठेवायला सांगितलं. आईला मुलीच्या मागे हातभर अंतरावर बसवलं आणि नेहमीच्या आवाजात हाक मारायला सांगितली. मुलगी गाडी फिरवत राहिली. पुन्हा हाक मारली. मग आईने "खाऊ हवा का?" विचारलं. काही नाही. मी "स्स्स" केलं, "श्श्श" केलं. गाडी फिरतच होती. आजी ताट मांडीवर धरून गप्प बसल्या.

कर्णबधिर मुलांच्या पालकांबरोबर मी काम करते. हे ताट माझ्यासमोर निरनिराळ्या रूपांत येत राहतं. कधी टाळी, कधी देवघरातली घंटा, कधी मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं. घरच्यांनी मनापासून घेतलेली ही परीक्षा असते आणि तीच त्यांना फसवते. त्या फसगतीत बाळाची पहिली दोन-तीन वर्षं निघून जातात. सरकारी कागदावर 'शीघ्र हस्तक्षेप' असा एक जड शब्द असतो. त्याचा अर्थ साधा आहे. बाळाच्या ऐकण्यात, बघण्यात, हालचालीत किंवा समजण्यात अडचण दिसली, तर 'मोठं झाल्यावर बघू' न म्हणता लगेच मदत सुरू करायची. ती लगेचच का, हे मी बहिरेपणाच्या उदाहरणावरून सांगणार आहे, कारण रोज मी तेच बघते.

ताट का फसवतं

ताटाचा ठणका इतका मोठा असतो की बऱ्यापैकी बहिऱ्या मुलालाही त्यातलं थोडंफार पोचतं. शिवाय मूल फक्त कानाने वळत नाही. मागे हललेली सावली, हवेचा झोत, फरशीतून पायाला जाणवलेला हादरा, समोर बसलेल्या आईची नजर वर गेली ते, यांतलं काहीही त्याला पुरतं. ज्या मुलांना ऐकू कमी येतं ती डोळ्यांनी फार तल्लख होतात.

दुसरी गोष्ट, बहिरेपण म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, की एक तर चालू नाही तर बंद. पुष्कळ मुलांना जाड, खालच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बारीक, वरच्या पट्टीतले येत नाहीत. दार आपटणं, ट्रक, कुत्र्याचं भुंकणं त्यांना कळतं. बोलण्यातले आ, ओ, म, ब सुद्धा कधी कधी कळतात. पण स, श, क, त हे आवाज हलके असतात, ते गळून जातात. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू असला की कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. या मुलांचं सगळं जग त्या भिंतीपलीकडे असतं. घरचे म्हणतात, "ऐकू येतं, पण लक्ष देत नाही. हट्टी आहे." हट्ट नसतो तो.

आणखी एका गोष्टीने घरचे बेफिकीर होतात. "चार महिन्यांची असताना किती हुंकार द्यायची!" हुंकार सगळीच बाळं देतात, पूर्ण बहिरी बाळंसुद्धा. फरक पुढे पडतो. ऐकणारं बाळ सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान 'बाबाबा', 'दादादा' अशी स्पष्ट अक्षरांची माळ ओवायला लागतं, कारण ते स्वतःचा आणि तुमचा आवाज ऐकून जुळवत असतं. न ऐकणाऱ्या बाळाची ही माळ फार उशिरा येते. दहा-अकरा महिने झाले आणि बाबाबा-दादादा नाही, एवढ्यावरूनसुद्धा कानाची तपासणी करून घ्यावी.

'मुकं-बहिरं' हा जोडशब्द आता आपण सोडायला हवा. या मुलांचा घसा, जीभ, ओठ सहसा अगदी ठीक असतात. बोलणं कानातून शिकायचं असतं, तिथेच वाट अडलेली असते. तरी लोक आधी जिभेखालची तार कापून आणतात, घुटी बदलतात, नवस बोलतात. त्यात सहा महिने, वर्ष कधी जातं ते कळतही नाही.

ऐकतो तो मेंदू

कान आवाज आत पोचवतो. त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो कसा लावायचा हे त्याला शिकावं लागतं. हे शिकणं जन्माआधीच, गर्भारपणाच्या सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतं. म्हणजे जन्मतः बहिरं बाळ पहिला श्वास घेतं तेव्हाच ऐकण्याच्या सरावात तीनेक महिने मागे पडलेलं असतं.

१९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या दोघांनी एक प्रयोग केला. मराठी माणसाला तो चटकन कळेल. त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. मोठ्या इंग्रजी माणसाला यांतला फरक मुळात ऐकूच येत नाही, त्याला दोन्ही एकच वाटतात. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. तीच परीक्षा दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना दिली, तेव्हा बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. हिंदी घरातल्या बाळांना मात्र वर्षाच्या आसपासही कळत होता. घरात जे आवाज कानावर पडतात त्यांसाठी मेंदू जागा ठेवतो, जे पडत नाहीत त्यांची जागा आवरून घेतो, आणि हे पहिल्या वर्षातच घडतं. आपल्या बाळाला 'ताट' शब्दातला त आणि ट वेगळा कळतो तो असा.

आता ज्या बाळाला त नाही, ट नाही, आईची हाकही पोचत नाही, त्याच्या मेंदूचं काय होत असेल? ऐकण्यासाठीची जागा रिकामी पडून राहत नाही. बघण्याचं, स्पर्शाचं काम तिथे हातपाय पसरायला लागतं. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या जन्मतः बहिऱ्या मुलांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांमध्ये आवाजाला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद त्यांच्या वयाच्या ऐकणाऱ्या मुलांसारखा होत होता. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेक मुलांमध्ये तो तसा झाला नाही. यंत्र तेच, शस्त्रक्रिया तीच, फरक फक्त वयाचा.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो यांनी १९९८ मध्ये दीडशे बहिऱ्या किंवा कमी ऐकू येणाऱ्या मुलांचा अभ्यास मांडला. ज्यांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलं आणि लगेच मदत सुरू झाली, ती मुलं भाषेत इतरांच्या बरीच पुढे होती. बुद्धी सर्वसाधारण असलेल्या मुलांची भाषा तर जवळजवळ वयाप्रमाणे होती. बहिरेपण कमी की जास्त, घर गरीब की सुखवस्तू, मूल तोंडाने बोलतं की खुणांनी, कसंही पाहिलं तरी हा फरक टिकला. मी पालकांना हा अभ्यास नेहमी सांगते, कारण "आपल्याकडे पैसा नाही, आपलं मूल काय शिकणार" या भीतीला तो उत्तर देतो.

एक, तीन, सहा

यातूनच जगभर एक सोपा हिशेब रुळला आहे. एक महिन्याच्या आत चाळणी तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. एक, तीन, सहा. दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळं ऐकण्याची मोठी अडचण घेऊन जन्मतात, असं सर्वसाधारणपणे धरलं जातं. काचेत ठेवावं लागलेल्या, व्हेंटिलेटरवर राहिलेल्या, कावीळ फार चढलेल्या बाळांमध्ये हे प्रमाण अधिक असतं. गर्भारपणात आईला झालेला रुबेला, बाळाला झालेला मेंदूज्वर, काही प्रतिजैविकं, जवळच्या नात्यातलं लग्न, याही धोक्याच्या खुणा. पण यांतली एकही खूण नसलेली बाळं जवळपास निम्मी असतात. म्हणून "आमच्याकडे कोणीच बहिरं नाही" हे तपासणी न करण्याचं कारण होऊ शकत नाही. बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारेच असतात.

पहिल्या तपासणीला दवाखान्यात 'ओएई' म्हणतात. पोट भरून झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ टोपण बसवतात आणि बारीक टिकटिक सोडतात. निरोगी कान नुसता आवाज घेत नाही, उलट एक अगदी क्षीण प्रतिध्वनी परत बाहेर टाकतो. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केंप यांनी तो शोधला. यंत्र तो पकडतं. दोन-चार मिनिटांचं काम, ना सुई, ना दुखणं. निकाल येतो 'पास' किंवा 'रेफर'. रेफर म्हणजे बहिरं नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. जन्मानंतर पहिले काही दिवस कानात पाणी, मळ असू शकतो. पण रेफर म्हणजे 'सोडून द्या' असंही नव्हे. पुन्हा तपासायला जायचंच. नेमकी इथेच बाळं हातातून सुटतात. आई माहेरी गेलेली असते, तारीख उलटून जाते, कार्ड कपाटात राहतं.

दुसरी तपासणी 'बेरा'. कपाळावर आणि कानांमागे छोट्या तारा चिकटवतात आणि आवाज मज्जातंतूतून मेंदूच्या बुंध्यापर्यंत पोचतो का, हे पाहतात. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची बेरा करायलाच हवी, कारण कान प्रतिध्वनी देतो पण पुढची वाट बिघडलेली आहे, असंही होतं आणि ते ओएईत सापडत नाही. बेराला बाळ गाढ झोपलेलं लागतं. येताना वाटेत त्याला झोपू देऊ नका, दवाखान्यात पोचल्यावर पाजा. एवढं पाळलं तर दुसरी खेप वाचते.

केरळने सरकारी प्रसूती रुग्णालयांतून प्रत्येक नवजात बाळाच्या कानाची तपासणी सुरू केली. आपल्याकडे ती अजून शहर, रुग्णालय आणि नशीब यांवर अवलंबून आहे. म्हणून घरी जाण्याआधी स्वतःच विचारा, "बाळाची ओएई झाली का? कागदावर लिहून द्या." लस टोचली की नाही हे विचारतो, तसंच हेही.

यंत्र लावलं, आता खरं काम

श्रवणयंत्र कानाला लावलं की मूल बोलायला लागेल, ही दुसरी फसगत. चष्मा लावला की अक्षर स्पष्ट दिसतं, पण वाचता यायला अक्षर शिकावंच लागतं. दोन वर्षांच्या मुलाला आज यंत्र बसलं, तर त्याचं श्रवणवय आज शून्य आहे. त्याला हुंकारापासून सुरुवात करायची असते. शेजारच्या दोन वर्षांच्या मुलाशी त्याची तुलना करू नका. त्याच्या श्रवणवयाशी करा.

यंत्र जागेपणी सतत कानावर हवं. आंघोळ आणि झोप सोडून सगळा वेळ. सुरुवातीला मूल उपटून टाकतं, म्हणून दोरीला चिमटा लावून तो झबल्याला अडकवतात. बाळाचा कान भराभर वाढतो, त्यामुळे यंत्राचा कानात बसणारा साचा दर काही महिन्यांनी सैल होतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. शिट्टी आली की यंत्र काढून ठेवू नका, साचा बदलून घ्या. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेने यंत्र बिघडतं. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवा. गोळी सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो आत बसवा, म्हणजे तो नीट चालतो. या बारीकसारीक गोष्टी सांगणारं कोणी भेटलं नाही म्हणून महागाची यंत्रं डब्यात पडून राहिलेली मी पाहिली आहेत.

रोज सकाळी पाच मिनिटांची एक परीक्षा आम्ही घ्यायला लावतो. डॅनिअल लिंग यांनी ठरवलेले सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. म सर्वांत खालच्या पट्टीतला, स सर्वांत वरच्या, आणि त्या दोघांमध्ये आपलं जवळजवळ सगळं बोलणं मावतं. आईने ओठ झाकायचे, पण आवाज अडेल असा हात तोंडावर घट्ट धरायचा नाही. मूल अडीच-तीन वर्षांचं असेल तर त्याच्या हातात एक मोठा मणी द्यायचा. मणी कानाशी धरून ते थांबतं, आवाज आला की वाटीत टाकतं. लहान बाळाचं नुसतं थबकणं, डोळे मोठे करणं पाहायचं. काल स ला मणी पडला आणि आज पडला नाही, तर सेल संपलाय, साचा तुंबलाय, किंवा सर्दीने कान भरलाय. दवाखान्यात महिन्याने कळणारी गोष्ट घरी सकाळी आठ वाजता कळते.

आणि मग दिवसभर बोलायचं. त्यासाठी वेगळा वर्ग लागत नाही. पोळी करताना मूल ओट्याजवळ घ्या, टीव्ही आणि मिक्सर बंद करा, हातभर अंतरावरून बोला. "पोळी. गोल गोल पोळी. आई गं, गरम! फुंकर मार. फूऽऽ. बाबाला पोळी दे." एकच शब्द दहा वेगळ्या वाक्यांत येऊ द्या. मराठीत एक खास अडचण आहे. आपले प्रत्यय शब्दाच्या शेपटाला असतात आणि बोलताना आपण शेपूट गिळतो. 'घरात' मधला त, 'आईने' मधला ने, 'दादाला' मधला ला. म्हणूनच माझ्याकडची कितीतरी मुलं "आई घर गेली" असं बोलतात. तेव्हा शेपूट तोडू नका. बोबडं, तुकड्यातुकड्यांचं बोलू नका. पूर्ण वाक्य, जरा सावकाश, जरा सुरात. आजी लोकांना हे उपजतच येतं. ताट घेऊन आलेल्या आजी आमच्याकडच्या सगळ्यांत चांगल्या शिक्षिका निघाल्या.

यंत्राने पुरेसं ऐकू येत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट. त्यात आतल्या कानात तारांची बारीक दोरी घालून आवाजाचे विद्युत संकेत थेट मज्जातंतूला देतात. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून, उत्पन्नाच्या अटींवर, लहान मुलांना इम्प्लांट मिळतं. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा पाच वर्षं आहे, आणि पहिले काही महिने श्रवणयंत्र लावून पाहणं, तपासण्या, कागदपत्रं यात बराच वेळ जातो. चौथ्या वर्षी जागं झालेल्या घराची इथे फार धावपळ होते.

खुणांच्या भाषेबद्दलही बोलायला हवं. "खुणा केल्या तर बोलणार नाही" ही भीती घालून मुलाचे हात बांधून ठेवू नका. लवकर मदतीचा खरा हेतू मुलाला लवकर भाषा मिळावी हा आहे. ती कानातून येवो की हातांतून. भाषेवाचून गेलेली वर्षं सर्वांत महाग पडतात. विचार करायला, राग सांगायला, "पोट दुखतंय" म्हणायला मुलाकडे काहीतरी हवं.

कानापुरतं नाही

हाच हिशेब इतर ठिकाणीही लागतो, फक्त घड्याळ वेगळं असतं. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोहून कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत डोळ्याचा पडदा तपासायलाच हवा. फारच लहान बाळाचा त्याही आधी. काही आठवड्यांचा उशीर म्हणजे कायमचं अंधत्व असू शकतं. थायरॉइड कमी असलेलं बाळ जन्मतः अगदी छान दिसतं. टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ते कळलं आणि दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धी वाचते. गोळी किती स्वस्त! वाकड्या पायाला पहिल्या आठवड्यांपासून पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत गेलं, तर बहुतेक पाय मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात, पुढे काही वर्षं रात्री बूट मात्र घालावे लागतात. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, स्वमग्नता यांत 'बरं करणं' हा प्रश्नच नसतो. तिथे लवकर मदत म्हणजे मुलाला बसायला, घास गिळायला, हवं ते मागायला शिकवणं, आणि आईवडिलांना त्या मुलाच्या मनातलं ओळखायला शिकवणं.

जायचं कुठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाली. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि वाढीतला उशीर तपासणं हे त्याचं काम. पथक येणार त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि शंका असेल ती तोंडाने सांगा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करते. २०२१ मध्ये तिथे सर्व प्रकारच्या दिव्यांग बालकांसाठी लवकर मदतीचं केंद्र सुरू झालं.

घरात पहिली शंका बहुतेक वेळा आईला येते. आणि तिलाच सांगितलं जातं, "उगाच डोक्यात घेऊ नकोस." त्या सव्वादोन वर्षांच्या मुलीच्या आईला आठव्या महिन्यातच वाटलं होतं. तिने एका डॉक्टरांना विचारलंही होतं. ते म्हणाले, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. कोणीही असं सांगितलं तर नम्रपणे, पण ठामपणे म्हणा, "बघते मी वाट, पण तोवर कानाची तपासणी लिहून द्या." तपासणी नॉर्मल आली तर गेला फक्त एक दिवस.

तुमचं मूल चार-पाच वर्षांचं झालं असेल आणि हे वाचून काळजात चर्र झालं असेल, तरी या. उशिरा आलेली मुलंही शिकतात. कष्ट जास्त लागतात, खुणांचा आधार जास्त घ्यावा लागतो, पण दार बंद झालेलं नसतं. स्वतःला दोष देत बसण्यात आणखी एक महिना घालवू नका. येताना प्रसूतीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि आधीचे कागद आणा. आणि घरात मुलाशी सर्वांत जास्त जो बोलतो, त्याला सोबत आणा. आई असेल, आजी असेल, शाळेत जाणारी ताई असेल. पुढचं सगळं काम आम्हाला त्याच माणसाला शिकवायचं असतं.